जुन्या खेळांच्या बाजारांत

परदेशगमनाची अपूर्वाई आतां उरली नाहीं; पण परदेशाहून परततांना काय आणावें, हा प्रश्न मात्र आमच्या आजोबांच्या काळीं होता त्याहून अधिक बिकट झाला आहे. पूर्वीं विलायतेहून येणाऱ्या गृहस्थानें कातडी पाकीट, हजामतीचें सामान, नाहीं तर एखादें घड्याळ आणलें म्हणजे आळीभर त्याची चर्चा होई. आज हें सारें लक्ष्मी रस्त्यावर मिळतें. किंबहुना घरबसल्या मोबाईलवर बोट ठेवतांच तें दारीं येऊन पडतें. तेव्हां आणण्याजोगी वस्तु एकच उरते : जी त्या देशांतहि आतां कोणी तयार करीत नाहीं. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत आम्ही जपानला गेलों होतों, तेथून आम्हीं अशी एक वस्तु आणली. ती म्हणजे जवळ जवळ चाळीस वर्षांपूर्वींचा एक व्हिडिओ गेम. साठी उलटलेल्या माणसानें असल्या खरेदीसाठीं तीन दिवस टोकियो पालथें घालावें, ह्याचें आमच्या वाचकांस हंसूं येईल; येऊं द्यावें. आमच्या घरींहि तें आलेंच.

आमची मुलगी व जावई टोकियोच्या पूर्वेकडील निशि-कासाई येथें राहतात. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं भारतीय अभियंते जपानांत मोठ्या संख्येनें जाऊं लागले, त्यांतील पुष्कळांनीं ह्या भागांत बिऱ्हाडें थाटलीं. आतां तेथें तुरीची डाळ मिळते, भारतीय शाळा आहे, आणि ज्या एडोगावा विभागांत हें निशि-कासाई येतें त्याच्या सभेवर सन २०१९ सालीं योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनहि आले. मुलीच्या घराखालच्या बागेंत संध्याकाळीं 'अग, स्वेटर घाल आधीं' अशी हांक ऐकूं आली कीं आपण परक्या मुलुखांत आहों ह्याचा क्षणभर विसर पडतो.

तेथून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत अकिहाबारा गांठतां येतें. नांवांतील अक्षरांचा अर्थ शरदांतील पानांचें मैदान. नांव काव्यमय असलें तरी त्यामागची हकीकत आगीची आहे. सन १८६९ मध्यें ह्या भागांत मोठी आग लागली. पुढल्या वर्षीं मोकळ्या पडलेल्या जागेंत आगीपासून रक्षण करणाऱ्या देवतेचें देऊळ उभारलें गेलें, आणि लोकांनीं त्या मैदानास आपल्या ओळखीच्या अग्निरक्षक देवाचें, अकिबाचें, नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर येथें रेडिओच्या दिव्यांचा व सुट्या भागांचा बाजार भरूं लागला. त्यांतून पुढें घरगुती विजेच्या उपकरणांचीं दुकानें, मग संगणक, आणि शेवटीं व्हिडिओ गेम व चित्रकथा, अशी ह्या वस्तीची वंशावळ आहे. रेल्वेच्या पुलाखालचे बोळ अजून तसेच आहेत. हातभर रुंदीचें दुकान, समोर शेंकडों लहान खण, प्रत्येक खणांत निरनिराळ्या जातीचे स्क्रू, दिवे, तारा, आणि मध्यें चष्मा कपाळावर चढवून बसलेला एखादा म्हातारा. पुण्याची तपकीर गल्ली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तें दृश्य परकें वाटणार नाहीं.

ज्या यंत्राच्या शोधांत आम्ही होतों त्याचीहि थोडी वंशावळ सांगितली पाहिजे. निन्टेंडो ही क्योतो शहरांतील कंपनी सन १८८९ सालीं निघाली ती खेळण्याचे पत्ते करण्यासाठीं. 'हानाफुदा' नांवाचे हे पत्ते आकारानें लहान व जाड असतात. बारा महिन्यांचीं बारा झाडें-फुलें, प्रत्येकाचे चार, असे एकूण ४८. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे पत्ते १२०, आणि कारागिरी म्हणाल तर तसूभरहि कमी नाहीं. पण आमचा गंजिफा दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत जाऊन बसला, आणि क्योतोच्या पत्तेवाल्यानें सन १९८३ च्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें एक यंत्र बाजारांत आणलें. लोक त्यास 'फॅमिकॉम' म्हणतात. किंमत १४,८०० येन. रंग पांढरा व लाखी. टीव्हीला जोडावें, वरून कॅसेट खोंचावी आणि खेळावें. मासायुकी उएमुरा ह्या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तें तयार झालें. ते पुढें क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठांत प्राध्यापक झाले व सन २०२१ सालीं वारले.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत जें आलें तें ह्याच यंत्राची नक्कल. तैवान-चीनकडे असल्या नकला ढिगानें होत, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्या आपल्या बाजारांत निरनिराळीं नांवें धारण करून आल्या. त्यांच्या कॅसेटींवर 'इतके हजार खेळ' असें छापलेलें असे. प्रत्यक्षांत दहा-वीस खेळ पुन्हां पुन्हां निराळ्या आंकड्यांखालीं येत. कॅसेट चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा विधि मुंबईपासून मॉस्कोपर्यंतच्या मुलांस कोणी शिकविला कोण जाणे! त्यानें गुण येत नसे. चालते ती पुन्हां नीट बसविल्यामुळें. फुंकरींतील दमटपणानें आंतील धातूचे दांत उलट गंजतात. असो.

आमच्या घरीं असें यंत्र सन १९९३ च्या दिवाळींत आलें. आमचे वडील बंधु नाना ह्यांनीं तें आणलें. नाना व वहिनी ह्यांस मूलबाळ नव्हतें. म्हणून घरांतील सगळ्या मुलांचे लाड करण्याचा हक्क नानांनीं आपणांकडे घेतला होता, आणि तो हिरावून घेण्याचें धाडस कोणी केलें नाहीं. शनिवारांतल्या वाड्यांत तेव्हां आम्ही तेरा माणसें होतों. टीव्ही एकच, तो माजघरांत. दुपारीं मुलें खेळत, संध्याकाळीं शुभंकरोति, मग जेवणें, मग बातम्या, आणि साडेदहाला दिवे मालवत. निदान आमची सर्वांची तशी समजूत होती.

पुढें वाडा पाडला गेला. सामान तीन ठिकाणीं विभागलें, आणि त्या हलवाहलवींत खेळाचें यंत्र ठेवलेली ट्रंक नाहींशी झाली. जेथें तांब्याचीं गंगाळें आणि आजीचा पाटा गेला, तेथें एका खेळण्याचा हिशेब कोण विचारणार? नाना सन २०११ सालीं गेले.

जपानला निघण्याच्या आदल्या दिवशीं वहिनींनीं आम्हांस स्वयंपाकघरांत बोलावून घेतलें. (हें सारें त्यांच्या परवानगीनेंच लिहीत आहों, एरवीं आमची छाती झाली नसती.) वहिनी आतां बाहत्तर वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, "भावोजी, तिकडे जुने खेळ मिळतात म्हणे. ह्यांचा एक खेळ होता, तो मिळाला तर पाहा. मुलांना मात्र विचारूं नका."

खेळाचें नांव? तें त्यांस ठाऊक नव्हतें. यादींतला सतरावा, इतकेंच आठवत होतें. "बर्फाचा डोंगर असतो. हातोड्यानें डोक्यावरचें छत फोडायचें, उडी मारून वर जायचें. दोघांनीं मिळून खेळायचें. एक निळा, एक गुलाबी. खालून एक जनावर येतें आणि आपण पाडलेलें भोंक बर्फ ढकलून बुजवून टाकतें, मेलें! फार रेंगाळलें तर काळा चष्मा लावलेलें पांढरें अस्वल येऊन पाय आपटतें. आणि अगदीं वर गेलें कीं वांगीं गोळा करायचीं."

"वांगीं?"

"हो, वांगीं. जांभळीं."

मग हळू हळू कळलें तें असें. दिवे मालवले, आई झोंपली, मुलांची कुजबूज थांबली कीं नाना माजघरांत येऊन टीव्हीचा आवाज अगदीं बंद करीत व यंत्र जोडीत. वहिनी भांडीं आवरून पदराला हात पुसत येऊन बसत. अर्धा तास, कधीं पाऊण तास. तेरा माणसांच्या वाड्यांत नवराबायकोनें दिवसां चार शब्द बोलावयाचे म्हणजे जिन्यांत गांठ पडावी लागे. हा अर्धा तास मात्र त्यांचा होता. बोलणें त्यांतहि फारसें नसे. बटणांची खटखट तेवढी होई. एकदां आईनें सकाळीं विचारलें, "रात्रीं माजघरांत काय खटखटतें रे?" नाना म्हणाले, "उंदीर." आईनें दुसऱ्या दिवशीं पिंजरा लावला, आणि तो आठ दिवस रोज रात्रीं नानांना बाजूला सारून ठेवावा लागला.

"ह्यांना भारी घाई," वहिनी म्हणाल्या. "हे भराभर वर जायचे; मग सगळें चित्रच वर सरकतें आणि जो खालीं राहील तो मरतो. मी नेहमीं खालीं राहायची."

इतक्या माहितीवर आम्ही अकिहाबारास पोहोंचलों. जावईबापू बरोबर होते; पण त्यांचें बालपण नागपुरास प्लेस्टेशनवर गेलेलें, म्हणजे ते ह्या शास्त्रांत आमच्याहून फक्त दहा वर्षें पुढचे. हातोडा म्हटल्यावर त्यांस 'रेकिंग क्रू' नांवाचा खेळ आठवला, त्यांत मारिओ हातोड्यानें भिंती फोडतो. पण बर्फ नाहीं आणि वांगीं तर मुळींच नाहींत.

अकिहाबारांत 'सुपर पोटॅटो' म्हणून जुन्या खेळांचें प्रसिद्ध दुकान आहे. एका अरुंद इमारतीचे वरचे तीन मजले त्यानें व्यापले आहेत; सगळ्यांत वर नाणें टाकून खेळण्याचीं जुनीं यंत्रें मांडलीं आहेत. जिना चढूं लागतांच खेळांच्या चिमुकल्या सुरांचा गलका कानीं येतो. आंत भिंतीभर कॅसेटी. लाल, पिवळ्या, निळ्या, प्रत्येक पारदर्शक पिशवींत बंद, पिशवीवर चिठ्ठी. नुसती कॅसेट असेल तिला जपानी लोक 'हादाका' म्हणजे उघडी-नागडी म्हणतात. खोकें आणि माहितीची पुस्तिका सोबत असेल तर किंमत तिप्पट-चौपट, कधीं दसपटहि. पुठ्ठ्याच्या खोक्यासाठीं इतके पैसे मोजणारा मनुष्य आम्हीं पूर्वीं पाहिला नव्हता. पण आमच्याकडे लग्नपत्रिकेची पेटी मिठाईहून महाग झालीच आहे. चिठ्ठीवर दोष स्पष्ट लिहिलेले असतात : लेबल फाटलें आहे, ऊन लागून पिवळें पडलें आहे, चालवून पाहिलें आहे, चालवून पाहिलेलें नाहीं. ज्याची कांहींच हमी नाहीं त्यास ते 'जंक' म्हणतात, आणि जंक म्हणून घेतलेली वस्तु परत होत नाहीं. दोष लपवून विकण्यांत ज्यांची हयात गेली अशा आमच्या कांहीं दुकानदारांनीं ह्या चिठ्ठ्या एकवार वाचाव्यात.

घासाघीस नाहीं. पैसे हातांत द्यावयाचे नाहींत, समोरच्या लहान तबकांत ठेवावयाचे. तुळशीबागेंत वाढलेल्या माणसास हें जरा अळणी वाटतें.

दुकानांत जपानी कमी आणि पाहुणे अधिक, असा मामला होता. सन २०२२ च्या ऑक्टोबरांत जपानचीं दारें प्रवाशांस पुन्हां सताड उघडलीं आणि येन स्वस्त झाला. आम्ही गेलों तेव्हां शंभर येन म्हणजे सुमारे पंचावन्न रुपये पडत. त्या एका वर्षांत जपानांत ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी प्रवासी आले. त्यांतील ज्यांचें लहानपण ह्या खेळांवर गेलें ते सगळे जणूं ह्याच जिन्यावर आमच्यापुढें उभे होते. एकजण याद्या घेऊन आला होता आणि टोपलीं भरत होता. जावईबापूंच्या ओळखीचा एक जपानी सहकारी त्यांना म्हणाला होता कीं आपल्या धाकट्या भावाला हव्या असलेल्या कॅसेटी आतां अकिहाबारांत परवडत नाहींत. तो दूरच्या उपनगरांत जाऊन शोधतो. आमच्या कोंकणांत मुंबईकरांनीं उन्हाळ्यांत हापूसचे भाव चढवावे आणि बागेजवळच्या घरानें पायरीवर भागवावें, त्यांतलाच हा प्रकार. आम्ही मुंबईकरांच्या बाजूला उभे होतों, हें उघड आहे. पण आम्हांस एकच आंबा हवा होता.

तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थास आम्हीं कागदावर डोंगर काढून दाखविला. त्यावर दोन माणसें, हातोडे. तो विचारांत पडला. मग आम्हीं डोंगराच्या टोकावर एक वांगें काढलें, देंठासकट. जपानी वांगें आपल्या भरल्या वांग्याहून लांबट असतें, तरी त्यानें तें लगेच ओळखलें. तोंडावर हात ठेवून हंसला आणि म्हणाला, "आइस क्लायमर!"

सन १९८५ च्या जानेवारींत निन्टेंडोनेंच काढलेला हा खेळ. डोंगर बत्तीस. भोंकें बुजविणारें जनावर सील. अमेरिकेंत खेळ विकतांना त्याच्या जागीं दुसराच केसाळ प्राणी घातला गेला, पण आमच्याकडच्या नकली कॅसेटींत जपानी खेळ जसाच्या तसा होता, म्हणून वहिनींची आठवण बरोबर ठरली. त्यानें खोक्यासकट असलेली एक प्रत कपाटांतून काढून पुस्तिका उघडून दाखविली. जावईबापूंनीं वाचलें : निळ्याचें नांव पोपो, गुलाबी अंगरख्याची मुलगी, तिचें नांव नाना.

जावईबापू आमच्याकडे पाहूं लागले. अठरा वर्षें त्या खेळासमोर बसून नानांना ही गोष्ट कळली नाहीं, आणि दुसऱ्या नंबरचा कंट्रोलर धरणाऱ्या वहिनींनाहि नाहीं.

तेथें खोक्याशिवाय कॅसेटीची किंमत २,४८० येन होती, म्हणजे साडेतेराशें रुपयांच्या घरांत. आम्हीं घेतली नाहीं. पुण्याचा माणूस पहिल्या दुकानांत खरेदी करीत नाहीं, हें आमच्या मुलीनें जपानांत राहूनहि अचूक ओळखलें होतें. दुसऱ्या दिवशीं नाकानो येथें गेलों. तेथील 'ब्रॉडवे' नांवाची इमारत सन १९६६ ची. पूर्वीं तिचा मोठा डौल होता असें म्हणतात. आतां तिच्या मजल्यांवर जुन्या चित्रकथा, बाहुल्या, घड्याळें, खेळ ह्यांचीं लहान लहान दुकानें दाटलीं आहेत, आणि त्यांत 'मांदाराके' ह्या जुन्या चित्रकथांच्या व्यापाऱ्याचींच अनेक. पाहण्यास उत्तम, खरेदीस तितकेंच महाग. तिसऱ्या दिवशीं जावईबापूंच्या सहकाऱ्यानें सांगितलेल्या उपनगरांतील एका जुन्या सामानाच्या दुकानांत गेलों, आणि तेथें आम्हांस हवें तें मिळालें.

भल्या मोठ्या गोदामासारखी ती जागा. पंखे, गिटारी, कपडे शिवण्याचीं यंत्रें, आणि एका कोपऱ्यांत प्लास्टिकच्या टोपल्यांत कॅसेटी सुट्या पडलेल्या, मंडईंत बटाटे असावे तशा. नात नऊ वर्षांची आहे. तिनें मांडी ठोकून बैठक मारली आणि पाऊण तासानें 'आजोबा, बर्फ!' म्हणून ओरडली. पाठीमागें काळ्या शाईनें जपानी लिपींत कोणा मुलाचें नांव लिहिलेलें होतें. त्याकाळीं मुलें कॅसेटी एकमेकांस वापरावयास देत, आणि परत याव्यात म्हणून नांव घालीत. नांवामुळें किंमत उतरलेली : १,२८० येन. ज्यांच्या घरांत प्रत्येक पातेल्यावर नांव, तारीख आणि कोणाच्या मुंजींत आलें तें कोरलेलें असतें, त्यांना ह्या दोषाचें दुःख कशाला? उलट आम्हांस तर ती वस्तु कोणाच्या तरी घरची वाटली.

यंत्र मात्र निवडून घ्यावें लागलें. अस्सल जुना फॅमिकॉम टीव्हीला एरियलच्या तारेनें जोडावा लागतो, आणि तोहि जपानी चॅनेलवर. आपल्या आजच्या टीव्हीवर तें जमणें कठीण. सन १९९३ च्या डिसेंबरांत त्याच कंपनीनें एक सुधारलेलें यंत्र काढलें होतें, त्याला चित्राची व आवाजाची तार वेगळी लागते. तें ८,८०० येनांस मिळालें. पांच हजार येनांवर खरेदी झाल्यानें पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर वांचला. ह्याचा आनंद खरेदीहून अधिक झाला, असें मुलीचें म्हणणें आहे.

जावईबापूंनीं एक शंका काढली, आणि ती रास्त होती. "बाबा, हा खेळ आजहि महिन्याच्या वर्गणींत नव्या यंत्रावर खेळतां येतो. मग ही जुनी कॅसेट कशाला?" वर्गणी थांबली कीं खेळहि थांबतो, हें एक. शिवाय विकणाऱ्यानें दुकान बंद केलें कीं संपलें : निन्टेंडोनें आपल्या आदल्या दोन यंत्रांसाठींचें घरपोंच दुकान सन २०२३ च्या मार्चांत बंद केलें, त्याबरोबर शेंकडों खेळ विकत मिळेनासे झाले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेनें पाहणी करून सांगितलें कीं तेथें प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत रीतसर मिळत नाहींत. पण खरें कारण आम्हीं जावईबापूंस सांगितलें नाहीं. वहिनींच्या अंगठ्याला तें बटण ओळखीचें आहे, नव्या यंत्राचें नाहीं. एवढेंच तें होतें.

त्यांनीं स्वतःसाठीं त्या टोपलींतून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा पांचवा भाग घेतला, सन १९९२ चा. ही लांबलचक साहसकथा. पुष्कळ तास चालते, म्हणून कॅसेटींत बटणाएवढी बॅटरी बसवून खेळणाऱ्याची प्रगति राखून ठेवण्याची सोय केलेली असते. अशा तीन नोंदी राहतात. घरीं येऊन सुरू केलें तों दोन जागा कोऱ्या आणि तिसरींत कोणाचा तरी नायक अजून जिवंत! चार अक्षरांचें नांव, सव्विसाव्या पायरीवर. बत्तीस वर्षांत बॅटरी मेली नव्हती. जावईबापू नवा खेळ मांडण्यासाठीं ती जागा पुसूं लागले, तेव्हां नातीनें त्यांचा हात धरला.

"बाबा, तो अजून खेळतोय ना?"

बॅटरी उद्यां किंवा सहा महिन्यांनीं संपणारच; बदलावयाची तर डाग देऊन काढावी लागते, आणि आंतलें आधीं दुसरीकडे उतरून घेतलें नाहीं तर तें पुसलें जातें. हें सारें तिला समजावून सांगण्यांत आलें. तिनें शांतपणें ऐकलें आणि आपलें नांव दुसऱ्या, कोऱ्या जागेंत घातलें. सध्यां तीं दोन नांवें एकाखालीं एक आहेत. बॅटरीवाल्याकडे जाण्याचें काम तिच्या बापानें पुढें ढकललें आहे.

पुण्यास आल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली. जपानांत घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तिकडचा अडाप्टर आपल्या भिंतींत लावला तर जळून जाईल. शिवाय ह्या यंत्राला दहा व्होल्टचा प्रवाह लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो; आपल्याकडे बहुधा उलट. तपकीर गल्लींतील एका कारागिरानें पांच मिनिटांत हें ओळखलें, अर्ध्या तासांत अडाप्टर जुळवून दिला, आणि टीव्हीसाठीं एक लहान डबी. पैसे देतांना त्यानें विचारलें, "नातवासाठीं का?" आम्हीं 'हो' म्हटलें. मुलांना विचारूं नका, अशी आज्ञा होती. ती कारागिरांसहि लागू असावी.

दुपारीं घरांत कोणी नसतांना यंत्र लावलें. बर्फाचा डोंगर दिसला, सूर वाजूं लागले. वहिनी कांहीं वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हें जरा घाईंत चाललेंय." त्यांचें म्हणणें बरोबर होतें. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदास पन्नास चित्रांचा, आणि आमचें नकली यंत्र त्या मापाचें; जपानचें साठ चित्रांचें. म्हणजे ज्या वेगानें हा खेळ रचला गेला होता त्याहून सहाव्या हिश्शानें तो आमच्या माजघरांत सावकाश चालत असे. आणि तरीहि आमचे नाना पुढेंच!

पुस्तिकेंतली गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली, कीं गुलाबी मुलीचें नांव नाना. त्या इतक्या हंसल्या कीं डोळे पुसावे लागले. "बघा बाई," म्हणाल्या, "म्हणजे सगळीं वर्षें मीच नाना होतें!"

पहिला कंट्रोलर त्यांनीं आमच्या हातांत दिला. दुसरा स्वतः घेतला. दुसऱ्याचीच संवय, म्हणाल्या. आम्हीं त्यांच्यासाठीं थांबावें म्हणून मुद्दाम सावकाश चढत होतों, तर त्या रागावल्या : "असें काय खेळतां? वर चला, मी येतें." पहिल्या डोंगरावर त्यांनीं सहा वांगीं मिळविलीं, आम्हीं दोन. आतां रविवार सोडून रोज दुपारीं तीन ते साडेतीन हा कार्यक्रम असतो. सध्यां सातव्या डोंगरावर आहों. कॅसेटीला फुंकर मारूं देत नाहीं; कापसावर स्पिरिट घेऊन दांत पुसतों.